हनीकोंब का बसतं, का चिकटतं आणि चॉकलेटमधून का पाझरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी तीनदा हनीकोंब, म्हणजे साखरेच्या पाकात सोडा घालून फुगवलेली जाळीदार कुरकुरीत कँडी, करून पाहिलं. पहिल्यांदा सोडा घातल्यावर पातेलंभर फुगलं, पण टीनमध्ये ओतताच खाली बसलं आणि हाती आली एक चपटी, दगडासारखी लादी. दुसऱ्यांदा जाळी सुरेख पडली, पण खाताना दाताला चिकटून बसत होतं. तिसऱ्यांदा सगळं जमलं. चॉकलेटमध्ये बुडवून डबा भरला, आणि दोन दिवसांनी पाहिलं तर चॉकलेटवर मधासारखे चिकट थेंब आणि मधूनमधून पांढुरके डाग. थर्मामीटर नाही. मध घालायलाच हवा का आणि चॉकलेट कंपाउंड (दुसऱ्या वनस्पती चरबीचं) घ्यावं की कुव्हर्चर (कोको बटरचं), हेही विचारलंय.

तिन्ही घाण्यांचं दुखणं वेगवेगळं वाटतं, पण मला त्यात एकच गुन्हेगार दिसतो, तो म्हणजे पाणी. पहिल्या दोन घाण्यांत ते बहुधा पुरतं बाहेर गेलेलं नव्हतं, तिसऱ्यात बाहेर गेलेलं परत आत शिरलं. मी चौदा वर्षं घरून चॉकलेटं करते आणि हनीकोंबशी झटापट त्यातली निम्मी वर्षं तरी केली आहे. प्रमाणं बदलून पाहिली, टीन बदलले, सोडा बदलला. शेवटी कळलं ते एवढंच की पाकातलं पाणी कुठपर्यंत काढायचं आणि नंतर त्याला दारातच कसं अडवायचं, हे साधलं की उरलेली कृती दहा मिनिटांची आहे.

हनीकोंब म्हणजे मुळात काच. साखरेची काच आणि तिच्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. पाक उकळत ठेवला की पाणी उडत जातं आणि तापमान चढत जातं. साधारण ११५ अंश सेल्सिअसला, म्हणजे मऊ गोळी वळते तेव्हा, पाकात अजून १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. १५० अंशाला ते जेमतेम १ टक्का उरतं. त्या एक टक्क्यावर पाक गार झाला की तो काचेसारखा कट्‌कन मोडतो. १४० ला उतरवला तर पाणी थोडंसंच जास्त असतं, पण तेवढ्यानेही काच चिवट होते आणि दाताला धरते. तुमचा दुसरा घाणा इथे अडकला. जाळी पडली म्हणजे सोड्याने काम केलं, पण पाक दहाएक अंश आधी उतरला.

माझं प्रमाण सांगते. २०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, २० ग्रॅम मध, ६० मिली पाणी, ८ ग्रॅम खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ. हे २० सेंटिमीटरच्या चौकोनी, उंच काठाच्या टीनला बेताचं होतं. सोडा शक्यतो वजनानेच घ्या. चमचा सपाट भरला तर साधारण ५ ग्रॅम आणि शीग लावली तर ८ सुद्धा भरतो, इथे तो फरक चवीत कळतो. बेकिंग पावडर चालणार नाही. तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असतात, पाक गढूळ होतो आणि फुगतोही कमी.

मध घालायलाच हवा का? नाही. हनीकोंब म्हणजे मधाचं पोळं, पण हे नाव जाळीमुळे पडलं आहे, मधामुळे नव्हे. बऱ्याच ठिकाणी याला सिंडर टॉफी किंवा होकी-पोकी म्हणतात आणि त्यात मधाचा थेंबही नसतो. मध स्वाद देतो हे खरं, पण त्यात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि फ्रुक्टोजइतकी हवेतला ओलावा ओढणारी दुसरी साखर स्वयंपाकघरात नाही. शिवाय ते लवकर करपतं. म्हणून मध चवीपुरता घ्यावा, आणि हवा दमट असेल तर तोही गाळून ग्लुकोज १०० ग्रॅम करावं. लिक्विड ग्लुकोजचं काम वेगळं आहे. त्यातल्या लांब साखळ्या साखरेच्या कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे पाक रवाळ होत नाही. ग्लुकोज मिळालंच नाही तर साखरेत अर्धा चमचा लिंबाचा रस घालून भागतं. आम्लामुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि तेच रवे धरण्यात खोडा घालतं. पण पुन्हा फ्रुक्टोज आलंच, तेव्हा अशी कँडी जरा लवकर चिकटते हे धरून चाला.

गॅस पेटवण्याआधी सगळं मांडून ठेवा. टीनला बटर पेपर लावलेला, पेपर काठाच्या वर दोन बोटं आलेला. सोडा बारीक चाळणीतून चाळून वाटीत, आणि वाटीशेजारी तीच चाळणी. फेटणी हाताशी. पातेलं जाड बुडाचं, स्टीलचं आणि मोठं, या प्रमाणाला निदान तीन लिटरचं. लहान पातेल्यात फेस काठावरून ओघळतो आणि तो साबणाचा फेस नाही, १५० अंशाची साखर आहे. काळ्या नॉनस्टिकमध्ये पाकाचा रंग कळत नाही म्हणून मी ते टाळते. शेजारी गार पाण्याचं मोठं भांडं ठेवा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि लहान मुलांना त्या अर्ध्या तासात स्वयंपाकघराबाहेर काढा. पाक अंगावर उडालाच तर तो ओरबाडून काढायला जाऊ नका. वाहत्या गार पाण्याखाली भाग वीस मिनिटं धरा, बर्फ लावू नका, आणि भाजणं मोठं असेल तर डॉक्टरकडे जा.

आता पाक. पातेल्यात आधी पाणी, मग ग्लुकोज आणि मध, आणि मधोमध साखर. साखर कडेला सांडू नये. मंद आचेवर ती पूर्ण विरघळेपर्यंत हलक्या हाताने ढवळा. बोटावर घेऊन चोळलं तर कण लागता कामा नये. एकदा उकळी फुटली की डाव बाहेर. यानंतर ढवळायचं नाही. कडेला उडालेले थेंब वाळून त्यांचे रवे होतात आणि त्यातला एक जरी पाकात पडला तर सगळा पाक त्याच्या नादी लागतो, पाच मिनिटांत पातेल्यात पुन्हा साखर. म्हणून उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेने कडा आपोआप धुतल्या जातात. नाहीतर ओल्या ब्रशने पुसून घ्या.

यानंतरचा काळ फसवा असतो. सुरुवातीला तापमान १०५, ११० वर रेंगाळतं, कारण सगळी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होत असते. कंटाळून माणूस आच वाढवतो. आणि मग १३० ओलांडलं की उडायला पाणी फारसं उरत नाही, तेव्हा काटा सरसर चढतो. १४० च्या पुढचे दहा अंश एका मिनिटात जातात. मी १३५ ला आच बारीक करते आणि १४८ ला गॅस बंद करते, उरलेले दोन अंश पातेल्याच्या बुडातल्या उष्णतेने चढतात. १६० च्या पुढे गेलात तर चव कडसर होते. सोडा घातल्यावर रंग आणखी गडद होतो, त्यामुळे पातेल्यात ‘छान सोनेरी’ दिसणारा पाक टीनमध्ये तांबडा आणि कडू निघतो. उतरवताना तो फिक्या पेंढ्याच्या रंगाचा असला पाहिजे, मध असेल तर किंचित गडद.

थर्मामीटर घ्या असंच मी सांगेन. आणि घेतलात तर पहिल्याच दिवशी तो खळाखळा उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. १०० च्या ऐवजी ९७ दाखवत असेल तर पाक १५० ऐवजी १४७ ला तयार होईल. थर्मामीटर चुकीचा असो किंवा तुम्ही उंच डोंगरावर राहत असा, वजाबाकी तीच. पाक उथळ असतो, त्यामुळे टोक बुडाला टेकून भलताच आकडा येतो. पातेलं किंचित कलतं करून टोक पाकाच्या मधोमध धरा.

थर्मामीटर येईपर्यंत गार पाण्याची परीक्षा करा, ती आजही चोख आहे. वाटीत बर्फाचा खडा घातलेलं पाणी घ्या. परीक्षा करताना पातेलं आचेवरून बाजूला काढा, नाहीतर तुम्ही वाटीत बघेपर्यंत पाक पुढे निघून जातो. चमच्याच्या टोकावरून पाक पाण्यात सोडा. आधी मऊ गोळी होईल, मग घट्ट गोळी. नंतर पाण्यात तारा पडतील, पण बाहेर काढून वाकवल्यावर त्या आधी वाकतील आणि मग मोडतील. इथे बहुतेक जण उतरवतात आणि तुमचंही बहुधा तसंच झालं असावं. आणखी एक-दीड मिनिट थांबा. पुन्हा सोडा. आता तार पाण्यात पडतानाच बारीक तडकल्याचा आवाज येतो, बाहेर काढून वाकवली तर न वाकता तुटते. तुकडा दाढेखाली धरा. फुटून चुरा झाला आणि दाढेला काहीच चिकटलं नाही तर पाक झाला. किंचित जरी धरला तरी परत आचेवर.

इथून पुढे पंधरा सेकंदांचा खेळ आहे. गॅस बंद, बुडबुडे जरा शांत होऊ द्या, पाच-सहा सेकंद. चाळणीतून सोडा सगळीकडे पसरून घाला आणि फेटणी फिरवा. ८ ग्रॅम सोडा या तापमानाला फुटला की दीड लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड देऊ शकतो, आणि जवळजवळ तेवढीच वाफ. पाक मात्र पाव लिटरही नसतो. म्हणून तो तसा अंगावर आल्यासारखा उसळतो, घाबरू नका. पातळ पिवळा पाक क्षणात पिठूळ, अपारदर्शक होतो, मग सोनेरी आणि मग फेटणीच्या मागे जाड घड्या पडायला लागतात. घड्या दिसल्या की थांबायचं. मी मनात आकडे मोजते, सहापर्यंत, फार तर आठ. सोड्याचे पांढरे ठिपके दिसले तर आणखी दोन फेरे, बस्स. सोडा चाळायचा तो याचसाठी. गुठळ्या असल्या की त्या मोडण्यासाठी जास्त फेटावं लागतं आणि जास्त फेटणं म्हणजे आपल्याच हाताने बुडबुडे फोडणं.

सोडा फुटल्यावर मागे सोडियम कार्बोनेट उरतो, म्हणजे रसायनाच्या हिशेबाने धुण्याचा सोडाच. इतक्याशाने काही बिघडत नाही, पण प्रमाण वाढलं की साबणासारखी चव जिभेच्या मागच्या बाजूला राहते. ‘फुगलं नाही, सोडा वाढवू या’ हा मोह म्हणून वाईट. फुगत नसेल तर कारण बहुतेक वेळा सोड्याच्या बाहेर असतं.

ओतताना पातेलं टीनच्या अगदी जवळ आणा आणि एका दमात मधोमध ओता. पसरवू नका, उलथन्याने सारखं करू नका, टीन ओट्यावर आपटू नका. केकची सवय असलेल्यांचे हात इथे आपोआप टीन उचलून आपटतात, मी माझेच हात दोनदा असे पकडले आहेत. पातेल्याच्या तळाशी चिकटून राहिलेलं खरवडून टीनमध्ये घालायचं नाही, कारण तो फुटलेल्या बुडबुड्यांचा जड पाक असतो आणि जिथे पडेल तिथे जाळी बसवतो. तो वेगळ्या कागदावर टाका. मग टीन हलवायचा नाही. फेस ओतल्यावरही मिनिटभर चढत राहतो, त्याच वेळी बुडबुड्यांच्या भिंती आळून घट्ट होत असतात. भिंती घट्ट व्हायच्या आधी धक्का बसला की सगळा डोलारा खाली.

तुमचा पहिला घाणा बसला त्याची तीन कारणं असू शकतात. पाक १४० च्या आत उतरला, मग भिंती इतक्या सैल की बुडबुडे धरूनच ठेवता येत नाहीत. जास्त फेटलं गेलं. किंवा टीन फार रुंद होता. पातळ पसरलेला फेस वर चढण्याआधीच गार होतो, म्हणून मी लहान आणि उंच टीन सांगितला. पण याची दुसरी बाजूही आहे. दुप्पट प्रमाण करून खोल डब्यात ओतलं तर मधला भाग तासभर गरम राहतो, आतल्या आत शिजत राहतो, आणि कापल्यावर मधोमध तपकिरी, कडवट, पोकळ खड्डा निघतो. दुप्पट हवं असेल तर दोन घाणे करा.

गार व्हायला एक-दीड तास. फ्रिजमध्ये नाही! फ्रिजमधून बाहेर काढल्याक्षणी त्यावर हवेतलं पाणी दव धरतं आणि आपण मघापासून उडवत आणलेलं पाणी फुकटात परत येतं. तसंच गार झाल्यावर उगाच उघड्यावरही ठेवू नका. बुडबुड्यांमुळे या कँडीचा पृष्ठभाग तिच्या आकाराच्या मानाने प्रचंड असतो आणि तो सगळा ओलावा पीत असतो. मी खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवते. ५० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त, ६० च्या वर असेल तर पाकाला हातच लावत नाही. एसी लावला तर हवा कोरडी होते, तासभर आधी लावून ठेवायचा.

तुकडे करताना लादीचं निरीक्षण करा. वरची आणि खालची बाजू गुळगुळीत, चकाकती असते, ती लादीची कातडी. मोडलेल्या बाजू मात्र उघड्या भोकांच्या असतात आणि ओलावा शिरतो तो तिथून. लाटण्याच्या टोकाने ठोकून तीन-चार सेंटिमीटरचे ओबडधोबड तुकडे करा. फार लहान केले तर उघड्या बाजू वाढतात. एकसारखे चौकोन हवे असतील तर करवतीच्या दात्यांची सुरी दाब न देता पुढेमागे ओढा, पण चौथा हिस्सा चुऱ्यात जाईल. मला स्वतःला ते खडबडीत तुकडेच आवडतात, चॉकलेटही त्यांना जास्त चांगलं धरतं. तुकडे कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या. चॉकलेटमध्ये चुरा पडत गेला की दहाव्या तुकड्यापर्यंत ते दाट आणि कणीदार होतं. झाडलेले तुकडे लगेच हवाबंद डब्यात, चॉकलेट तयार होईपर्यंत.

आता तुमच्या तिसऱ्या घाण्याकडे. इथे चॉकलेट शोभेला नसतं, ते या कँडीचा रेनकोट असतं. त्यातली चरबी पाण्याला आत येऊ देत नाही. पण रेनकोटला टाचणीएवढं भोक असेल तरी माणूस भिजतोच. एकदा मी भेटीचे चाळीस डबे आदल्या आठवड्यात भरून ठेवले. वरून तुकडे आरशासारखे. तिसऱ्या दिवशी एक डबा उघडला तर एका तुकड्याच्या कोपऱ्यावर मोहरीच्या दाण्याएवढा तांबूस थेंब. पुसला. संध्याकाळी परत तिथेच, आता वाटाण्याएवढा. तुकडा मधून कापला तर त्या कोपऱ्याच्या आत जाळी विरघळून पोकळ बोगदा झाला होता आणि त्यात पाक साचला होता. भोकातून ओलावा जातो, साखर विरघळते, तो पाक स्वतःच आणखी ओलावा ओढतो आणि जागा पुरेना की बाहेर येतो. चाळीसपैकी अकरा डबे पुन्हा नव्याने करावे लागले. त्यानंतर मी एका थरावर कधी विसंबले नाही.

भोकं पडतात ती दोन ठिकाणी. एक, धारदार कोपऱ्यांवर, कारण तिथून चॉकलेट ओघळून थर पातळ होतो. दुसरं, उघड्या बुडबुड्यांवर. तुकडा गार आणि चॉकलेट गरम असेल तर बुडबुड्यातली हवा फुगते आणि ओल्या चॉकलेटमधून फुस्स करून बाहेर पडते, मागे टाचणीचं छिद्र. म्हणून तुकडे खोलीच्या तापमानाला असावेत. कंपाउंड ४५ अंशाला वापरलं तर ही छिद्रं जास्त पडतात, ते थोडं निवू द्यावं, ओघळेल इतपतच पातळ हवं.

कंपाउंड की कुव्हर्चर? कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे वितळवा आणि बुडवा, टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन नीट गोठेल असं करण्याची, भानगड नाही. चव ओशट लागते, तोंडात विरघळताना जिभेवर मेणासारखा थर राहतो. तरीही पहिल्या दोन-तीन घाण्यांना कंपाउंडच घ्या, त्याला नाक मुरडू नका. एका वेळी एकच गोष्ट शिकावी, आणि आधी जाळी शिकायची आहे. जाळी हुकमी यायला लागली की ५५ ते ६० टक्के कोकोचं डार्क कुव्हर्चर घ्या. आतली कँडी नुसती साखर आहे, तिच्यावर मिल्क चॉकलेट फार गोड होतं. दोन्ही एकत्र मिसळू मात्र नका. त्या दोन चरब्यांचं जमत नाही, थर मऊ राहतो आणि पांढरा पडतो.

कुव्हर्चरला टेम्परिंग लागतं कारण कोको बटर सहा प्रकारे गोठू शकतं आणि त्यातला पाचवा प्रकारच चकाकतो, कट्‌कन मोडतो आणि हातात लगेच पाघळत नाही. घरी सगळ्यात सोपी रीत बीजाची. ४०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरा. बुडवायला खोली लागते म्हणून एवढं, खर्च त्यातलं निम्म्याच्या आसपास होतं. त्यातलं ३०० ग्रॅम ४५ अंशापर्यंत वितळवा, मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या शक्तीवर वीस-वीस सेकंदांनी ढवळत. डबल बॉयलर करत असाल तर वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं आणि घट्ट बसणारं हवं. वाफेचा एक थेंब आत गेला की चॉकलेट चिखलासारखं आळतं. मग खाली उतरवून उरलेलं १०० ग्रॅम, हेच बीज, थोडंथोडं घालत ढवळत राहा, २८ अंशापर्यंत येऊ द्या, आणि पुन्हा जरासं गरम करून ३१-३२ वर आणा. मिल्कसाठी हे आकडे साधारण दोन अंशांनी खाली. सुरीचं टोक बुडवून ठेवा. २० अंशाच्या आसपासच्या खोलीत पाच मिनिटांत ते डाग न पडता, चकाकत आळलं तर जमलं. ओलं राहिलं किंवा पट्टे दिसले तर आणखी चिरलेलं चॉकलेट घालून पुन्हा. ३४ च्या पुढे गेलं तर मात्र बीज विरघळून गेलं, पहिल्यापासून सुरुवात.

बुडवण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या उघड्या बाजूंना ब्रशने चॉकलेटचा पातळ हात द्या, भोकांत दाबून. कंटाळवाणं काम आहे, पण पाझर थांबला तो यामुळे. तो आळला की काट्यावर तुकडा धरून पूर्ण बुडवा, बाहेर काढून काटा भांड्याच्या काठावर चार-पाच वेळा हलकेच आपटा, जास्तीचं चॉकलेट गळू द्या, तळ काठाला पुसून कागदावर सरकवा. आळल्यावर उलटा करून तळ तपासा. काट्याच्या दांड्यांच्या खुणा तिथेच राहतात आणि छिद्रंही बहुधा तिथेच सापडतात. त्यावर बोटाने एक थेंब. उजेडात फिरवून सगळे कोपरे पाहा, पिवळं काही डोकावत असेल तर तिथेही.

पांढुरक्या डागांबद्दल. त्यावर बोट चोळून बघा. ओशट लागून डाग पुसट झाला तर ती वर आलेली चरबी, म्हणजे टेम्परिंग चुकलं किंवा डबा गरम जागी राहिला. कोरडं, खरखरीत लागलं तर ती साखर, म्हणजे चॉकलेटवर दव धरलं होतं आणि ते वाळताना साखर मागे सोडून गेलं. तुमच्याकडे थेंब आणि डाग एकदम आले, त्यामुळे मला फ्रिजची शंका येते. खोली फारच गरम असेल आणि चॉकलेट आळायला फ्रिज वापरावाच लागला तर दहा मिनिटंच, आणि बाहेर काढण्याआधी तुकडे फ्रिजमध्येच हवाबंद डब्यात भरा. डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. दव पडेल ते डब्याच्या बाहेरच्या अंगावर.

साठवताना हवाबंद डबा, थरांमध्ये बटर पेपर, कोपऱ्यात खाण्याच्या पदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी. असे तुकडे माझ्याकडे तीन आठवडे कुरकुरीत राहतात. रोज झाकण उघडणारं घर असेल तर दोन लहान डबे करा. चॉकलेट न लावलेलं हनीकोंब कितीही बंद केलं तरी आठवड्याच्या आत संपवा.

पातेलं घासत बसू नका. त्यात पाणी भरून उकळा, फेटणीही त्यातच सोडा, पाच मिनिटांत सगळं विरघळून जातं.

आणि शेवटी उरेल तो चुरा, आणि तळाशी चुऱ्याचे कण पडलेलं चॉकलेट. ते गाळल्याशिवाय पुन्हा बुडवायला घेऊ नका. मी गाळतही नाही. राहिलेला सगळा चुरा त्यातच ढकलते, किंचित मीठ भुरभुरवते आणि चमच्याने कागदावर छोटे ढीग घालते. दिसायला अगदीच गबाळे असतात, म्हणून ते कुणाला देता येत नाहीत आणि घरातच राहतात.